कुलूप कुणाच्या दाराला?

सुट्ट्या लागल्या की पोलिसांचं आवाहन येतंच: गावाला जाताना ठाण्यात कळवा, दागिने लॉकरमध्ये ठेवा, शेजाऱ्यांना सांगून जा. सल्ला चांगला आहे. जरूर पाळावा. पण मैत्रिणींनो, तो रिकाम्या घरासाठी आहे. घरात बाई असतानाच दार फोडलं गेलं, तर?

जरीपटक्याला लागूनच कस्तुरबानगर आहे. तिथे अक्कू यादव आणि त्याचे साथीदार वर्षानुवर्षे घरांत घुसत, पैसे उकळत, बायकांवर बलात्कार करत. तक्रार घेऊन गेलेल्या बायकांना दाद मिळाली नाही. अखेर १३ ऑगस्ट २००४ रोजी नागपूरच्या न्यायालयातच जमावाने त्याला ठार केलं. वस्तीतल्या बायका एकमुखाने पुढे आल्या. २०१४ मध्ये आरोपी निर्दोष सुटले.

या हत्येचा आपण गौरव करायचा नाही. पण बायकांवर ही पाळी का आली, हे विसरायचंही नाही. बंगल्याच्या कुलपाची नोंद होते. झोपडीतल्या बाईच्या किंकाळीची का होऊ नये?

२०१३ पासून बलात्कारासारख्या गुन्ह्याची फिर्याद नोंदवायला नकार देणं हा पोलिसासाठीही गुन्हा आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम १९९ मध्ये तो कायम आहे. म्हणून बंद घराची माहिती द्यायला ठाण्यात जाल, तेव्हा शेजारच्या वस्तीतल्या मैत्रिणीची न नोंदलेली तक्रारही सोबत न्या. एकटीला परत पाठवणं सोपं असतं, दहाजणींना नाही.