विश्लेषण : लकवा मेंदूचा, मग पोटरी का आखडते? आणि उपचार बाभुळगावातच का हवेत?

लकव्याचा झटका आला की घरच्यांचे लक्ष वाकड्या झालेल्या तोंडाकडे, अडखळणाऱ्या बोलण्याकडे आणि लुळ्या हाताकडे जाते. पाय 'हळूहळू सुटेल' असे गृहीत धरले जाते. मात्र रुग्ण पुन्हा वावरात जाणार की ओसरीवरच बसून राहणार, हे मोठ्या प्रमाणात पोटरीवर ठरते. बाभुळगावसारख्या कापूस, सोयाबीन आणि तुरीवर चालणाऱ्या तालुक्यात हा प्रश्न थेट रोजीरोटीचा आहे.

पोटरीचे काम काय?

पोटरीत प्रामुख्याने दोन स्नायू असतात. वरचा फुगीर स्नायू गुडघ्याच्या वरून सुरू होतो आणि त्याखाली दुसरा, चपटा स्नायू असतो. दोन्ही मिळून एका जाड कंडरेने टाचेला जोडलेले असतात. चालताना टाच उचलून शरीर पुढे ढकलण्याचा मोठा भार हेच स्नायू उचलतात. पायातले रक्त वर हृदयाकडे ढकलण्यातही त्यांचा मोठा वाटा असतो.

बिघाड मेंदूत, मग स्नायू का बदलतो?

मेंदूच्या एका बाजूची रक्तवाहिनी बंद पडली किंवा फुटली की शरीराच्या विरुद्ध बाजूला जाणारे आदेश तुटतात. सुरुवातीला स्नायूला इजा झालेली नसते. पण आदेश येत नाहीत, रुग्ण अंथरुणावर असतो आणि पाऊल खाली लोंबकळत राहते. मग स्नायू बारीक होऊ लागतो. सतत आखूड अवस्थेत राहिल्याने त्याचे तंतूही आखूड होतात. स्नायूमध्ये चरबी आणि चिवट जोडऊती वाढते. दुसरीकडे, मेंदूचा लगाम सुटल्याने मज्जारज्जूच्या प्रतिक्षिप्त क्रिया जोर धरतात आणि पोटरी ताठरते.

ताठर पोटरी म्हणजे ताकदवान पोटरी का?

नाही. 'पाय कडक झाला, म्हणजे ताकद आली' हा गैरसमज सर्रास आढळतो. कडक पोटरी ताणली जात नाही आणि गरजेच्या क्षणी पुरेसा जोरही देत नाही. टाच जमिनीला टेकत नाही, चवडा घासतो, रुग्ण पाय बाहेरून फिरवत चालतो आणि लवकर थकतो. कमी वापरामुळे 'चांगल्या' पायाची ताकदही घटते.

शहरातल्या सपाट फरशीवर हे एक वेळ निभावते. धुऱ्यावरून चालणे, पावसाळ्यातली चिकट काळी माती तुडवणे, निंदणासाठी उकिडवे बसणे, एसटीची उंच पायरी चढणे या प्रत्येक कामात घोटा वाकावा लागतो आणि पोटरीने जोर द्यावा लागतो. उकिडवे बसता आले नाही तर देशी पद्धतीचे शौचालयही वापरता येत नाही. पाय अडला की अशा प्रकारे रुग्णाचा स्वाभिमानही अडतो.

मालिशने भागते का?

तेल लावून हलक्या हाताने चोळल्यास रुग्णाला बरे वाटते, पण आखूड झालेला स्नायू त्याने लांब होत नाही आणि ताकदही येत नाही. त्यासाठी घोटा रोज, सावकाश आणि पुरेसा वेळ ताणावा लागतो. उठणे-बसणे, आधार धरून टाचा उचलणे आणि चालणे यांचा वारंवार सराव लागतो. काहींना पाऊल काटकोनात धरणारा पट्टा, तर फार ताठरपणा असल्यास इंजेक्शन लागते. एका पोटरीला अचानक सूज, उष्णता किंवा दुखणे जाणवले तर तिथे मालिश मुळीच करू नये. रक्ताची गुठळी असू शकते, त्यामुळे लगेच डॉक्टरांना दाखवावे.

घरच्यांनीच व्यायाम करून घेतले तर?

भारतातील १४ रुग्णालयांत १,२५० रुग्णांवर 'अटेंड' नावाची मोठी चाचणी झाली. तिचे निष्कर्ष २०१७ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाले. एका गटात नेहमीच्या उपचारांखेरीज कुटुंबीयांना घरी व्यायाम करून घेण्याचे प्रशिक्षण दिले गेले. सहा महिन्यांनी मृत्यू किंवा परावलंबित्वाचे प्रमाण दोन्ही गटांत सारखेच, सुमारे ४७ टक्के निघाले. याचा अर्थ घरच्यांचे कष्ट वाया जातात असा नाही. पण 'घरी व्यायाम करा' एवढे सांगून आरोग्य यंत्रणेला मोकळे होता येणार नाही, हे त्यातून नक्की दिसते. व्यायाम कधी वाढवायचा, कोणता थांबवायचा हे प्रशिक्षित नजरच ठरवू शकते.

मग बाभुळगावात काय व्हायला हवे?

ग्रामीण विदर्भात लकवा दुर्मीळ नाही. गडचिरोलीत 'सर्च' संस्थेने ८६ गावांतील मृत्यूंची कारणे तपासली. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात दर सात मृत्यूंपैकी एक पक्षाघाताने झाल्याचे आढळले. या झटक्यातून जे वाचतात, त्यांच्यासाठीची व्यवस्था मात्र मोठ्या शहरांकडे झुकलेली आहे.

बाभुळगावच्या रुग्णासाठी यवतमाळला वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. पण फिजिओथेरपी एका फेरीत संपत नाही, ती आठवड्यातून अनेकदा आणि महिनोन्‌महिने लागते. ज्याला एसटीची पायरी चढता येत नाही, त्याच्यासोबत दर वेळी मजुरी बुडवून एक माणूस जिल्ह्याला पाठवणे किती कुटुंबांना परवडेल? त्यामुळे हा उपचार तालुक्याच्या ठिकाणीच मिळायला हवा.

त्यासाठी नवी इमारत लागत नाही. ग्रामीण रुग्णालयात फिजिओथेरपीचे ठरलेले वार असावेत आणि त्यांची माहिती गावोगावी पोहोचावी. वर्ध्याजवळ सावंगी मेघे येथे फिजिओथेरपी महाविद्यालय आहे. अशा संस्थांच्या प्रशिक्षणार्थींच्या तालुका फेऱ्या ठरवता येतील. सुटी देताना कार्डावर रुग्णाचा घोटा किती वाकतो याची नोंद असावी. उभे राहिल्यावर टाच जमिनीला टेकते का, एवढे पाहणे आशा सेविकेलाही जमेल. टेकत नसेल तर रुग्णाला लगेच फिजिओथेरपिस्टकडे पाठवावे. सुधारणेचा वेग पहिल्या काही महिन्यांत सर्वाधिक असतो, म्हणून ही तपासणी तेव्हाच व्हायला हवी.

पदे आणि पैसा कुठून येणार, हा प्रश्न रास्त आहे. पण आज तो खर्च वाचत नाही, तो फक्त कुटुंबाच्या खिशातून जातो. कमावता माणूस खाटेवर आणि त्याला सांभाळणारी बाई घरात अडकते, तेव्हा दोन मजुऱ्या बुडतात. सरकारी हिशेबात त्या कुठेच दिसत नाहीत.

लक्षात ठेवा

- तोंड वाकडे होणे, एका बाजूचा हात-पाय लुळा पडणे, बोलणे अडखळणे यांपैकी काहीही अचानक झाले तर लगेच १०८ वर फोन करावा. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येते.
- व्यायाम केव्हा सुरू करायचा हे डॉक्टरांना विचारूनच ठरवावे. पहिल्याच दिवशी रुग्णाला फार वेळ उभे करू नये.
- अंथरुणावर पाऊल लोंबकळत ठेवू नये, घोटा शक्यतो काटकोनात राहील असे पाहावे.
- रक्तदाबाच्या गोळ्या बरे वाटू लागले म्हणून परस्पर बंद करू नयेत.