शब्दांचे मूळ पाहा

इंग्रजीच्या तासाला विशेषणांचा पाठ आला की पुष्कळ विद्यार्थ्यांच्या कपाळावर आठ्या पडतात. फळ्यावरील शब्दांच्या जोड्या ते घोकतात आणि परीक्षा संपताच विसरतात. सातारा-सांगलीकडील खेड्यातून आलेला हुशार मुलगाही मग ‘इंग्रजी आपल्याला जमायचे नाही’ असे मनाशी धरून बसतो. माझ्या मते हा दोष त्याच्या बुद्धीचा नाही, शिकण्याच्या रीतीचा आहे. शब्दापासून विशेषण घडविण्याची कला मातृभाषेने त्याला केव्हाच शिकविलेली असते.

त्याच्या भोवतालचा मुलूखच पाहा. माण, खटाव, जत, आटपाडी या तालुक्यांना आपण ‘दुष्काळी’ म्हणतो. जावळी आणि पाटण यांना ‘डोंगराळ’. २०१९ साली कृष्णेला महापूर आला, तेव्हा सांगलीतील असंख्य कुटुंबे ‘पूरग्रस्त’ झाली. दुष्काळ, डोंगर, पूर ही नामे. त्यांना ‘ई’, ‘आळ’, ‘ग्रस्त’ यांची जोड मिळताच त्यांची विशेषणे झाली. इंग्रजी तरी याहून वेगळे काय करते? ‘हिल’चे ‘हिली’ होते, ‘डेंजर’चे ‘डेंजरस’. ‘केअर’ असेल तो ‘केअरफुल’, नसेल तो ‘केअरलेस’. आपण ‘काळजी’च्या आधी उपसर्ग लावून ‘निष्काळजी’ म्हणतो, इंग्रजी शब्दाच्या शेवटी प्रत्यय लावते, इतकाच भेद.

मात्र प्रत्यय अर्थालाही वळण देतो. ‘पाणी’ या एकाच शब्दापासून ‘पाणीदार’ आणि ‘पाणचट’ ही दोन विशेषणे होतात. पण मोती पाणीदार म्हटला तर त्याची स्तुती होते आणि ताक पाणचट म्हटले तर निंदा. ‘चाइल्डलाइक’ आणि ‘चाइल्डिश’ यांतही असेच अंतर आहे. पहिला शब्द ‘बालसुलभ’, दुसरा ‘बालिश’. ज्याला मराठीतील भेद कळतो, त्याला इंग्रजीतील भेद समजावयास किती वेळ लागणार?

शब्दाचे मूळ पाहण्याची सवय ओळखण्याच्या कामीही येते. शेवटी ‘ली’ दिसले की मुले त्या शब्दाला क्रियाविशेषण ठरवितात. ‘स्लोली’ हे क्रियाविशेषण खरे, कारण ‘स्लो’ हे मुळात विशेषण आहे. पण ‘फ्रेंड’ हे नाम आहे. म्हणून ‘फ्रेंडली’ हे विशेषण होते.

कोणी म्हणेल, मराठीच्या आधाराने इंग्रजी बिघडेल. या शंकेत तथ्य आहे. ‘केअरफुल’ होते म्हणून ‘डेंजरफुल’ होत नाही. कोणत्या शब्दाला कोणता प्रत्यय शोभतो, हे वाचनाने आणि श्रवणानेच कळते. परंतु आधी रीत समजली, तर पाठांतराचे ओझे हलके होते.

कऱ्हाडजवळच्या टेंभू गावी १८५६ साली जन्मलेल्या गोपाळ गणेश आगरकरांनी १८८८ साली ‘वाक्यमीमांसा’ लिहून इंग्रजी व्याकरणातील पृथक्करणाची पद्धत मराठी वाक्याला लावली. त्यांनी इंग्रजीच्या साहाय्याने मराठी उलगडून दाखविली. आपण मराठीच्या साहाय्याने इंग्रजी का उलगडू नये? परभाषेचे दार मातृभाषेच्या किल्लीने उघडणाऱ्या मुलाला त्या दाराचे भय उरत नाही.