रुळांवरचा मैला आणि नवे डबे

३० डिसेंबर २०२३ रोजी जालना-मुंबई वंदे भारत सुरू झाली. ऑगस्ट २०२५ पासून ती नांदेडहून धावू लागली. आपल्या शहरापासून परभणीपर्यंतच्या १७७ किलोमीटर दुहेरी मार्गालाही जुलै २०२५ मध्ये केंद्राची मंजुरी मिळाली. निजामकाळापासून मीटरगेजच्या गाडीने रडतखडत मनमाड गाठणाऱ्या मराठवाड्याला याचे अप्रूप वाटणारच. किती तास वाचले, तिकीट किती वाढले, हा हिशेब सगळेच मांडतात. पण जुनी गाडी बदलण्यात एक बाब अशी आहे, की ती कोणाच्याच वहीत सापडत नाही.

जुन्या डब्यातील शौचालयाला खाली नुसते भोक असे. गाडी स्थानकात उभी असताना शौचालय वापरू नये, ही पाटी आपण लहानपणापासून वाचली. पाळली मात्र थोड्यांनीच. प्रवासी उतरून घरी जाई आणि रुळांमधला मैला कोणीतरी खराट्याने ओढून पाटीत भरी. ते हात कोणत्या वस्तीतून येत, कोणत्या जातीचे असत, हे या वाचकांना सांगायला नको.

हाताने मैला काढण्याच्या प्रथेविरुद्ध १९९३ साली कायदा झाला. तरी रुळांवरचे काम चालूच राहिले. २०१३ च्या कायद्याने मैला साफ करण्याच्या जागांमध्ये रेल्वेच्या रुळांचा स्पष्ट उल्लेख केला. परंतु त्यातच पळवाटही ठेवली. सरकारने ठरवलेली साधने आणि संरक्षक साहित्य दिले, की तो माणूस कायद्याच्या व्याख्येत बसत नाही! म्हणजे हातमोजे घातले की काम तेच, नाव वेगळे. अखेर सफाई कर्मचारी आंदोलनाच्या याचिकेवर २७ मार्च २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला आणि रुळांवरील ही प्रथा कालबद्ध रीतीने संपवावी, असे रेल्वेला बजावले.

उपाय तोवर सापडला होता. रेल्वे आणि डीआरडीओ यांनी मिळून जैव-शौचालय तयार केले. डब्याखालच्या टाकीतील जिवाणू मैल्याचे पाणी आणि वायू करतात. ते पाणी शुद्ध करून बाहेर सोडले जाते. जानेवारी २०११ मध्ये बुंदेलखंड एक्स्प्रेसला ही शौचालये प्रथम बसली. पुढच्या आठ-नऊ वर्षांत जुन्या-नव्या डब्यांना मिळून सुमारे अडीच लाख बसवली गेली. पेरांबूरच्या कारखान्यातून जुन्या पद्धतीचा शेवटचा डबा जानेवारी २०१८ मध्ये बाहेर पडला. मैला रुळांवर पडू नये एवढी साधी सोय व्हायला स्वातंत्र्यानंतर साठ वर्षांहून अधिक काळ जावा लागला. विमान बनवणाऱ्या देशाला टाकी बनवता येत नव्हती, असे नव्हे. खाली वाकणारा माणूस फुकटात नाही, तरी स्वस्तात मिळत होता, म्हणून कोणाला घाई नव्हती.

मग आता सगळे संपले काय? नाही. त्या टाकीत पाण्याची बाटली, गुटख्याची पुडी, बाळाचे डायपर, सॅनिटरी पॅड गेले, की ती तुंबते. तुंबलेली टाकी उघडावी लागते, आणि तिच्यापुढे उभा राहणारा माणूस बहुधा पूर्वीच्याच वस्तीतला असतो. फरक एवढाच, की आता तो ठेकेदाराकडे असतो.

म्हणून दोन गोष्टी कराव्यात. पहिली घरातली. प्रवासाला निघताना आयाबहिणींनी पिशवीत एक जादा कागदी पिशवी ठेवावी. टाकाऊ वस्तू तीत गुंडाळून कचऱ्याच्या डब्यात टाकाव्यात आणि मुलांनाही त्याचे कारण सांगावे. दुसरी सार्वजनिक. आपल्या मंडळांनी, युनियनच्या कार्यकर्त्यांनी स्थानकावरील ठेका कामगारांना भेटून विचारावे: हातमोजे, बूट मिळतात काय? पगार वेळेवर होतो काय? भविष्य निर्वाह निधी कापला जातो, पण भरला जातो काय? भरल्याची पावती मागावी आणि आकडे जुळवून पाहावेत. नव्या गाडीचे स्वागत अवश्य करू. पण तिच्या डब्याखाली कोण वाकतो आहे, हे पाहिल्याशिवाय तिला आधुनिक म्हणायची घाई नको.