नवशिक्याचा गुडघा आणि वस्तादाची जबाबदारी

शुक्रवार पेठेतील चिंचेच्या तालमीपासून कात्रजच्या मामासाहेब मोहोळ कुस्ती संकुलापर्यंत पुण्यात जेथे जेथे लंगोट कसला जातो, तेथे तेथे ओट्यावर बसलेल्या जुन्या मंडळींच्या तोंडून एक सिद्धान्त हमखास ऐकू येतो, आणि तो असा की, गुडघा गेल्यावाचून पैलवान पुरा होत नाही. सांगणाऱ्याचा स्वर दुःखाचा नसतो, अभिमानाचा असतो. मोडलेला कान आणि सुजलेला गुडघा या जणू मल्लविद्येच्या दोन सनदाच होत, अशा थाटात तो उच्चारला जातो. अलीकडे उपनगरांतून ज्यूदो-जिउजित्सूचे जे वर्ग चालतात, तेथील तरुण मंडळी हेच मत ‘खेळ म्हटला की इजा आलीच’ अशा सौम्य भाषेत मांडतात. आमचे म्हणणे याच्या उलट आहे. पहिल्या वर्षाच्या शागिर्दाचा गुडघा जातो तो बहुतांशी आखाड्याच्या गैरबंदोबस्तामुळे, आणि त्याचा जाब विद्यार्थ्याच्या नशिबाला न विचारता वस्तादाला विचारला पाहिजे.

पूर्वपक्षाचा सर्वांत वजनदार दाखला खाशाबा जाधवांचा. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचा हा मल्ल १९५२ साली हेलसिंकीहून कांस्यपदक घेऊन आला. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. पुढे १९५६ च्या मेलबर्नची तयारी चालू असता गुडघ्याने दगा दिला आणि ती वारी हुकली. एवढा मोठा मल्लसुद्धा सुटला नाही, तेथे सामान्यांची काय कथा, असा युक्तिवाद यावरून केला जातो. पण या दाखल्यातून निघते ते इतकेच, की गुडघ्याची किंमत एका ऑलिंपिकएवढी असू शकते. ती किंमत प्रत्येकाने मोजलीच पाहिजे, असे त्यातून कोणत्या न्यायाने निघते? शिवाय खाशाबा तेव्हा दोन ऑलिंपिके लढलेले, पिकलेले मल्ल होते. २०१६ साली रिओच्या उपांत्यपूर्व फेरीत जिला गुडघ्याच्या दुखापतीमुळे उचलून बाहेर न्यावे लागले, ती विनेश फोगाटही नवखी नव्हती. ओट्यावर कथा सांगितल्या जातात त्या नाव झालेल्यांच्याच. सोळाव्या-सतराव्या वर्षी गुडघा गमावून गावी परतलेल्या पोरांची कैफियत तेथे कोणी मांडीत नाही, आणि वस्तादांच्या हिशेबात ती ‘पळून गेली’ या सदराखाली जमा होतात.

दुसरा पक्ष म्हणतो, माती होती तोवर गुडघे शाबूत होते. मॅट आली आणि गुडघे गेले. यात थोडे तथ्य असल्यामुळेच हे मत अधिक घातक आहे. गुडघा हा मुख्यतः बिजागरीच्या जातीचा सांधा. वाकावे आणि सरळ व्हावे हे त्याचे काम, आणि वाकलेल्या अवस्थेत किंचित फिरण्याची त्याला मुभा. खुबा मात्र चहूकडे फिरतो. पाऊल जमिनीशी खिळले असता धड वळले आणि ती पिरगळ खुब्याने उचलली नाही, तर ती गुडघ्यावर येऊन पडते. मग मांडीचे हाड व नडगी यांना आतून बांधणारा पुढचा अस्थिबंध तुटतो, किंवा दोहोंमधली अर्धचंद्राकृती कूर्चा चिमटून फाटते. मॅटवर बुटाचा रबरी तळवा पाऊल सुटू देत नाही, हे खरे. मातीत चितपट हाच निकाल, तर मॅटवर पट काढून नुसते खाली आणले तरी गुण मिळतात, म्हणून तेथील बराचसा हल्ला पायांवरच येतो, हेही खरे. परंतु तेल, ताक, हळद, लिंबू पाजलेला हौदा रोज उकरला तरच भुसभुशीत राहतो. चार दिवस फावडे फिरले नाही की वर भुगा आणि खाली टणक थर होतो, आणि त्या भुग्यात घोट्यापर्यंत रुतलेले पाऊल बुटातल्या पावलाइतकेच घट्ट अडकते. मॅटच्या दोन तक्क्यांमध्ये बोटभर फट राहिली किंवा वरच्या कापडाला चुणी पडली, तर पायाचा अंगठा तेथे जाऊन बसतो आणि उरलेले शरीर पुढे निघून जाते. तेव्हा फिर्याद मातीवरही नको, मॅटवरही नको; सकाळी फावडे कोणी मारले आणि मॅटचे सांधे कोणी तपासले, याची रुजुवात व्हावी.

बैठकांचा वाद आम्ही थोडक्यात आटोपतो. हजारी बैठका मारणाऱ्याचा गुडघा पोलादी होतो, असे तालीम म्हणते. बैठकांनी गुडघा झिजतो, असे नवी व्यायामशाळा म्हणते. निरोगी गुडघ्याला खोल बैठक वर्ज्य नाही, भार मात्र क्रमाने वाढला पाहिजे. परंतु बैठक सरळ रेषेत चालते आणि कुस्तीत गुडघा सरळ रेषेत मोडत नाही. एका पायावर तोल राखणे, उडी मारून उतरताना गुडघा आत कलू न देणे, मांडीचा मागचा स्नायू पुढच्याच्या बरोबरीस आणणे, या गोष्टी नुसत्या आकड्याने साधत नाहीत. फुटबॉलसाठी फिफाने जो वीस-एक मिनिटांचा ‘११ प्लस’ नावाचा पूर्वव्यायाम प्रसृत केला, त्यात नेमका हाच भाग आहे, आणि तो नियमाने करणाऱ्या संघांत दुखापती घटल्याचे आढळले आहे. दुसऱ्या बाजीरावाच्या काळी बाळंभटदादा देवधरांनी मल्लखांबाला शिस्त लावली; त्या खांबावर मांडीची पकड आणि अंगाचा तोल दोन्ही तयार होतात. पैलवानांनी मल्लखांब सोडून तो शाळेच्या संमेलनाच्या हवाली केला, याचे आम्हांस वैषम्य वाटते.

राहता राहिली नी-कॅप. मॅटवर गुडघा घासून वाटीपुढे पाणी साठते, तेथे तिचा उपयोग आहे. पिरगळीपुढे मात्र तिचा अंमल चालत नाही.

आता आमचा पक्ष. एकेरी पट निघाल्यावर उभ्या गड्याचे काय होते, ते जवळून पाहावे. त्याचा एक पाय प्रतिस्पर्ध्याच्या हातांत असतो. नवशिका भिऊन दुसरा पाय रोवतो, ताठ करतो, आणि निसटण्यासाठी धड मात्र वळवतो. तेवढ्यात धरणारा बाजूने भार टाकतो. कसलेला मल्ल येथे भाराच्या दिशेने लंगडी घालीत जातो, नाहीतर सरळ पडतो. पडण्याची लाज त्याला केव्हाच सोडून गेलेली असते. म्हणून पहिले काही महिने शागिर्दाला पाडण्याऐवजी पडण्याचेच शिक्षण द्यावे, आणि खडाखडीला तोवर मज्जाव असावा. मग जोड. सारख्या वजनाची म्हणून दोन नवखी पोरे परस्परांच्या अंगावर सोडणे हा सर्वत्र चालणारा शिरस्ता आम्हांला सर्वांत धोक्याचा वाटतो, कारण दोघांपैकी एकालाही सोडावे केव्हा ते ठाऊक नसते. नवख्याची जोड जुन्या, शांत डोक्याच्या, फार जड नसलेल्या शागिर्दाशी लावावी, आणि दमलेल्या पोरास ‘अजून एक’ म्हणून शेवटची झोंबी लढवू नये.

यावर आक्षेप येतो की, अशाने पोरे हळवी होतील. ज्या जपानने ज्यूदो जगाला दिला, तेथे १९८० च्या राष्ट्रीय स्पर्धेत ‘कानी-बासामी’ या पायांच्या कात्रीने यामाशितासारख्या अजिंक्य मल्लाच्या पायाचे हाड मोडले. पुढे तो डाव स्पर्धांतून बाद झाला. टाच पिरगाळण्याच्या डावात वेदना जाणवण्याआधी अस्थिबंध जातो, म्हणून जिउजित्सूच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने पांढऱ्या पट्ट्याला तो निषिद्ध ठरविला. ही मंडळी हळवी झाल्याचे ऐकिवात नाही.

दुखापत झाल्यानंतरचा बंदोबस्तही वस्तादाकडेच येतो. ‘कट्’ असा आवाज आला, दोन-चार तासांत गुडघा फुगला, तो पुरता सरळ होईना किंवा चालताना निसटू लागला, तर त्या पोराला मालीश करून, हाडवैद्याकडून गुडघा ‘बसवून’ आणून, आठवड्याने पुन्हा हौद्यात उतरविणे हा गुन्हा आहे. त्याला अस्थितज्ज्ञाकडे नेले पाहिजे. अस्थिबंधाची शस्त्रक्रिया झालीच, तर झोंबीला निदान नऊ महिन्यांची मुदत हवी, आणि ती मोजण्याचे काम उतावळ्या पोराकडे किंवा त्याच्या वडिलांकडे सोपविता कामा नये.

वडिलांचा उल्लेख आम्ही मुद्दाम केला. चैत्र-वैशाखात जिल्ह्याच्या यात्रा सुरू होतात, रेवडीच्या कुस्त्या लागतात, आणि तीन महिन्यांची फी भरलेला बाप आपले पोर फडात उतरलेले पाहण्यास उत्सुक असतो. तेथे जोड नजरेच्या अंदाजाने लागते, हलगी वाजत असते, आणि पंचांना पुढच्या कुस्तीची घाई असते. अशा वेळी पोराचा हात धरून, बापाचा रोष पत्करून, ‘यंदा नाही, पुढल्या वर्षी’ एवढे सांगण्याचा अधिकार आखाड्यात एकाच माणसाला आहे.