‘पान्झर’ म्हणजे रणगाडाच का? एका लांबलचक जर्मन शब्दाची फोड

दिव्याहून पेणमार्गे रोह्याला जाणाऱ्या मेमूला डबे जोडावेत, तसे जर्मन भाषेत शब्दाला शब्द जोडतात. युक्रेन युद्धामुळे चर्चेत आलेल्या ‘गेपार्ड’चा (म्हणजे चित्ता) अधिकृत प्रकार आहे ‘फ्लुगअबवेअरकानोनेनपान्झर’. वाचताना धाप लागते, पण फोड सोपी आहे.

फ्लुग : उड्डाण
अबवेअर : परतवून लावणे
कानोने : तोफ
पान्झर : चिलखत, चिलखती गाडी

थोडक्यात, हवाई हल्ला परतवणाऱ्या तोफांची चिलखती गाडी. यातल्या पहिल्या तीन शब्दांचा संक्षेप ‘फ्लाक’. इंग्रजीत टीकेच्या भडिमाराला ‘फ्लॅक’ म्हणतात, तो इथूनच आला.

हे शब्द आले कुठून?

‘पान्झर’ जुन्या फ्रेंचमधून आला. त्याचे मूळ पोट या अर्थाच्या लॅटिन शब्दात आहे, कारण चिलखत आधी पोट झाकायचे. ‘कानोने’चे मूळ पोकळ वेताच्या, नळीच्या नावात आहे. आपली ‘तोफ’ही बाहेरचीच, तुर्की. ‘रणगाडा’ मात्र घरचा: रण अधिक गाडा.

शस्त्रांच्या नावांचा विचार रायगडच्या मातीला नवा नाही. शिवाजी महाराजांनी करवून घेतलेल्या राज्यव्यवहारकोशात फारसी-अरबी शब्दांना संस्कृत पर्याय दिले, त्यात शस्त्रांसाठी स्वतंत्र वर्ग आहे.

मग फरक काय पडतो?

बराच पडतो. मराठी समासात ‘रणगाडा’ हा शेवटी गाडाच असतो. जर्मनमध्येही शेवटचा शब्द वस्तू सांगतो आणि आधीचा तिचे काम. जर्मनीने युक्रेनला गेपार्ड देण्याची घोषणा एप्रिल 2022 मध्ये केली. ‘लेपर्ड 2’ हे ‘काम्फपान्झर’, म्हणजे लढाऊ रणगाडे, देण्याचा निर्णय मात्र 25 जानेवारी 2023 ला झाला. शेवटचा शब्द दोन्हीकडे ‘पान्झर’च. पण एक आकाशातले ड्रोन पाडायला, दुसरा जमिनीवर शत्रूची फळी फोडायला. मधले नऊ महिने युरोपभर वाद झाला तो याच फरकावर.

गंमत म्हणजे ‘पान्झरफाउस्ट’ हा पान्झर नव्हेच. फाउस्ट म्हणजे मूठ. ते खांद्यावरून डागायचे रणगाडाविरोधी शस्त्र आहे.

म्हणून ‘जर्मनीने रणगाडे पाठवले’ अशी पोस्ट फॉरवर्ड करण्याआधी नुसता ‘पान्झर’ पाहू नका. त्याच्या पुढे-मागे कोणता डबा जोडलाय, तेही बघा.