शिवाराचं मोजमाप आणि खोऱ्याचा हिशेब

हिवरे बाजार गावाचं जलसंधारणातलं यश खरं आहे, पण ते महाराष्ट्राच्या गावांच्या संख्येने गुणता येत नाही. तिथे माथ्यापासून पायथ्यापर्यंत चर आणि बांध झाले, त्याचबरोबर शेतीसाठी बोअर आणि ऊस यांवर गावाने बंदी घातली, दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडला. चराची लांबी अभियंत्याला मोजता येते. बंदी का टिकली हे समाजशास्त्राने सांगायचं. दोघांच्या हद्दी मात्र जुळत नाहीत. जलशास्त्रज्ञ ओढ्याचं पाणलोट धरतो, समाजशास्त्रज्ञ गाव धरतो, आणि बेसॉल्ट खडकाच्या भेगांमधलं भूजल दोघांच्याही नकाशाला जुमानत नाही. सगळ्यांचे निष्कर्ष एका अहवालात बांधले म्हणून अभ्यास आंतरशाखीय होत नाही. आधी हद्द एकत्र बसून ठरवावी लागते, आणि नेमकं तेवढंच राहून जातं.

डिसेंबर २०१४ मध्ये सुरू झालेल्या ‘जलयुक्त शिवार’ या राज्य सरकारच्या अभियानाने दरवर्षी ५,००० गावं टंचाईमुक्त करायचं ठरवलं. मोजणीचं एकक गाव, आणि यशाचं माप बहुतेक वेळा झालेली कामं व अडवलेलं पाणी. भूजल पातळी वाढवण्यात या अभियानाचा फारसा परिणाम दिसला नाही, असं ‘कॅग’ने २०२० मध्ये नोंदवलं. यात आश्चर्य नाही. वरच्या गावाने अडवलेलं पाणी कधी खालच्या गावाच्या ओढ्यातलं असतं. आणि मुरलेलं पाणी नव्या विहिरींनी उपसलं की पिकांवाटे हवेत जातं. दोन्ही गावं आपापल्या शिवारात बरोबर असतात, खोऱ्याची बेरीज मात्र चुकते.

यावर म्हटलं जाईल की छोट्या बंधाऱ्यांनी नदीचं असं किती पाणी अडणार? भरपूर पावसाच्या वर्षी फार नाही. पण तुटीच्या वर्षी वाहून येणारं पाणीच थोडं, म्हणून त्याच बंधाऱ्यांचा त्यातला वाटा मोठा होतो. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: माणसं गाव म्हणून एकत्र येतात, खोरं म्हणून नाही. हे मान्यच. म्हणून श्रमदान, बंदी, पीकनिवड गावातच ठरावी. हिशेब मात्र खोऱ्याचा असावा. गोदावरी खोऱ्यात याची एक बाजू कायद्याने मान्य झाली आहे: १५ ऑक्टोबरला जायकवाडी धरणात ६५ टक्क्यांपेक्षा कमी साठा असेल तर वरच्या धरणांतून पाणी सोडण्याचा प्रश्न येतो. तो हिशेब धरणांतल्या साठ्यांचा आहे. त्यांच्या वर हजारो शेततळी, बंधारे आणि विहिरी आहेत. त्यांचं पाणी त्याच तक्त्यात कसं मांडायचं, हे काम विद्यापीठांच्या भूगोल, अर्थशास्त्र आणि अभियांत्रिकी विभागांनी मिळून हाती घ्यायला हवं.