नवें जुनेपण

आमच्या नारायण पेठेंतील घराच्या जिन्याखालीं अकरा वर्षें एक सायकल उभी होती. हल्लींची हलकीफुलकी नव्हे. दुहेरी आडव्या नळीची, मागें लोखंडी पट्ट्यांचें रुंद कॅरिअर असलेली, आणि पुढच्या चिमट्यास आधार म्हणून दोन जादा सळया बसविलेली मालवाहू सायकल. ती माझ्या थोरल्या बंधूंची, कै. दादांची. २०१४ सालीं दादा गेले, तेव्हां वहिनींनीं तिच्यावर आपलें एक जुनें पातळ घातलें, आणि तें कोणीं काढावयाचें नाहीं असा घरांत न बोलतां नियम होऊन बसला. गेल्या चैत्रांत तो नियम दादांच्या नातवानें, चि. अनिरुद्धानें, मोडला, मोडला म्हणजे आजीची रीतसर परवानगी घेऊन मोडला, हें सांगितलें पाहिजे.

"आबा, हिला व्हिंटेज करायची आहे," तो मला म्हणाला.

"अरे, साठी उलटून गेली तिची. आणखी किती व्हिंटेज करणार?"

त्यावर त्यानें मजपुढें आपला मोबाईल धरला. त्यांत कोपनहेगनच्या रस्त्यावरील एका सायकलीचें चित्र होतें. हँडल आणि पुढचें चाक यांच्या मधोमध, अगदीं खालीं, माल ठेवण्याची फळी असलेली ही लांबट सायकल डेन्मार्कांत १९२० नंतरच्या दशकांत निघाली. तिला तिकडे 'लाँग जॉन' म्हणतात. चित्रांतील सायकलीला साईच्या रंगाचे टायर, तपकिरी चामड्याची बैठक, पितळी घंटी आणि वाटोळा दिवा होता. हें सारें आतां 'जुन्या धर्तीचें' म्हणून नवें विकत मिळतें. अनिरुद्धाचा बेत असा कीं, आमची सायकल सोलून तिच्यावर गर्द हिरवा रंग चढवावयाचा, हे सर्व अलंकार तिच्या अंगावर घालावयाचे, आणि पेठेंतील ज्या वृद्धांना जिना उतरवत नाहीं, त्यांच्या घरीं दर रविवारीं तिच्यावरून पुस्तकें पोंचवावयाचीं. शेवटच्या कलमाला मी काय विरोध करणार! पहिल्या दोन कलमांविषयीं मात्र मला बोलावयाचें होतें.

वर्गांत व्याकरण शिकवितांना मी मुलांना एक जुनी खूण सांगत असें. आदेश हा शत्रूसारखा. तो मूळ अक्षराला घालवून त्याच्या जागीं बसतो. आगम हा मित्रासारखा. तो शेजारीं येऊन बसतो, कोणाला उठवीत नाहीं. अनिरुद्धाला म्हटलें, तुझ्या यादीची अशी वांटणी कर. घंटी आणि दिवा हे आगम. ते खुशाल आण. टायर, बैठक आणि रंग हे आदेश. तेथें मूळ अक्षर खरोखर निकामी झालें आहे काय, तें आधीं पाहूं.

टायरचा प्रश्न लौकर मिटला. रबर मुळांत फिकट. आरंभींचे टायर पांढुरकेच असत. पुढें १९१० नंतर त्यांत काजळी मिसळूं लागले, ती शोभेसाठीं नव्हे, तर तिच्यामुळें रबर झिजेला फार अधिक टिकतें म्हणून. दादांच्या सायकलीनें जन्मांत साईच्या रंगाचा टायर पाहिला नव्हता. २८ × १½ या मापाचा साधा काळा टायर अजून आपल्याकडे सहज मिळतो, तोच घेतला.

रंगाचें तसें नव्हतें. हल्लीं लोखंडावर रंगाची पूड उडवून ती सुमारें २०० अंशांच्या भट्टींत भाजतात; काम टिकाऊ होतें यांत शंका नाहीं. पण त्यापूर्वीं जुनें सर्व खरवडून काढावें लागतें. मीं म्हटलें, आधीं थोडें डिझेल आणि माझें जुनें धोतर घेऊन बसूं. दोन सकाळीं घांसल्यावर मळाच्या थराखालून काळा रंग, त्यावर बारीक सोनेरी रेघा, आणि हँडलखालीं सायकल-कराचा धातूचा बिल्ला निघाला. एके काळीं सायकलीलाही कर असे, हें अनिरुद्धाला खरेंच वाटेना! हँडलावरचा गंज चुरगळलेला ॲल्युमिनियमचा कागद पाण्यांत बुडवून घांसला असतां निघतो; हें मात्र त्यानें मला शिकविलें. हिरव्या रंगाचें कलम त्यानें आपण होऊन खोडलें.

बैठकीसाठीं भांडावें लागलें. जुनी बैठक चामड्याची, रिव्हेटांनीं सांगाड्यावर ताणलेली, मध्यें खोलगट झालेली. बर्मिंगहॅमला १८६६ सालीं निघालेली ब्रुक्स ही पेढी अशा बैठका अजून करते, पण तिची किंमत ऐकून वहिनींनीं कानांवर हात ठेवले. बाजारांत मिळतात त्या बहुतेक रेक्झिनच्या नकला. चामड्याच्या बैठकीला नाकाखालीं एक नट असतो. तो पिळला कीं, चामडें ताणलें जातें. एका वेळीं पाव फेऱ्याहून अधिक पिळूं नये, आणि वरून तेल तर मुळींच चोपडूं नये. तेलानें चामडें लुळें पडतें. मोच्याकडून दोन रिव्हेटें बदलून घेतलीं, खालच्या अंगानें मेणाचें मलम लावलें. खोलगटपणा राहिला, तो राहूं दिला.

दादा त्या बैठकीवर कां बसले, तें येथें सांगणें भाग आहे. १२ जुलै १९६१ रोजीं पानशेतचें धरण फुटलें, पाठोपाठ खडकवासल्याचें फुटलें, आणि नदीकांठच्या पेठांत जें वाहून गेलें, त्यांत आमच्या वडिलांचें कागदाचें दुकान होतें. मी तीन वर्षांचा होतों, दादा चौदांचे. त्यांची शाळा सुटली ती सुटलीच. ही सायकल कोणा ओळखीच्या माणसाकडून जुनीच घेऊन ते शाळांना वह्या आणि कागदाचीं रिमें पोंचवूं लागले. कॅरिअरवर उंच रचण्याऐवजीं ते दोहों बाजूंना गोणपाटाच्या थैल्या लोंबवून त्यांत माल भरीत. वजन खालीं राहिलें कीं, वळतांना सायकल कलंडत नाहीं. डेन्मार्कच्या कारागिरांनीं फळी खालीं आणली ती याच हिशेबानें. दादांना तें लक्ष्मी रस्त्यानें शिकविलें. त्या वह्यांवर माझें शिक्षण झालें. घरांत मॅट्रिक झालेला मी पहिला.

आतां चिमट्याविषयीं. त्याच्या डाव्या पायावर, अगदीं मुळाशीं, पितळेच्या डागाचा एक ओबडधोबड फुगवटा होता. अनिरुद्धाला तो फार आवडला. "आबा, बाकी काहीं बदललें तरी चालेल, पण हा राहूं दे. आजोबांच्या कष्टांची खूण आहे," असें म्हणून तो त्याचें छायाचित्र घेत होता, आणि मी गप्प उभा होतों, कारण ती खूण दादांच्या कष्टांची नव्हती, माझ्या उन्मादाची होती.

१९७४ सालीं माझा मॅट्रिकचा निकाल लागला, त्या संध्याकाळीं मीं न विचारतां सायकल काढली, मित्राला पुढच्या नळीवर बसविलें, आणि उतारावर एका उभ्या हातगाडीवर नेऊन आदळली. चिमटा मागें वांकला. सायकल उभी असतां पडली, एवढेंच मीं दादांना सांगितलें. वांकलेला चिमटा पाहून हें कोणाला पटावें? दादांनीं नुसती मान हलविली, दुसऱ्या दिवशीं तो ठोकून सरळ करविला, तडा दिसला तेथें डाग दिला, आणि ते कामाला निघून गेले. पुढें भाद्रपदांत भरल्या थैल्यांसह ते पडले. चिमटा त्याच जागीं पुन्हां दबला होता. गळ्याजवळचें हाड मोडलें. सहा आठवडे घरीं. त्या दोन जादा सळया आल्या त्या त्यानंतर. दादांचा उजवा हात पुढें कधीं पुरता वर गेला नाहीं.

वांकलेलें पोलाद थंडच ठोकून सरळ केलें, तर तें दिसावयास सरळ दिसतें, पण आंतून शिणलेलें असतें. आणि चिमटा तुटतो तो सांगून सवरून तुटत नाहीं. भिंग लावून पाहिलें, तों डागाच्या कडेला केसाएवढी रेघ दिसली. म्हणजे जेथें आदेश अवश्य होता, नेमकी तीच जागा अनिरुद्ध जपूं पाहत होता. त्याला कारण सांगितल्यावांचून पटलें नसतें, आणि त्याला सांगून वहिनींपासून लपविणें शोभलें नसतें. त्या रात्रीं जेवणें आटोपल्यावर स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशीं बसून मीं एकावन्न वर्षांपूर्वींची ती गोष्ट सांगितली. वहिनी मटार सोलीत होत्या. त्यांनीं मान वर केली नाहीं.

"मला ठाऊक आहे, भावजी. लग्नाला वर्ष झालें होतें माझ्या. त्या रात्रींच ते म्हणाले, त्याचा निकाल लागला आहे, आज कोणीं काहीं बोलूं नये. पुढें तुम्हीच कधीं विषय काढला नाहीं, म्हणून मीही नाहीं."

"पण दादांचा खांदा..."

"खांद्याला तेल मीच चोळीत होतें ना? तो चिमटा काढून टाका आधीं. पोराला पाडाल."

त्याच मापाचा नवा, जाड नळीचा चिमटा बसविला. त्याच वेळीं पुढच्या चाकाचा ब्रेकही बदलला. जुने दांड्यांचे ब्रेक रबराचे ठोकळे पोलादी रिमेवर आंतून दाबतात. रीम ओली झाली कीं, ते नुसते घसरतात. त्याऐवजीं चाकाच्या तुंब्यांत बंदिस्त असलेला ड्रम ब्रेक घेतला. स्टर्मी-आर्चर या मूळच्या नॉटिंगहॅमच्या पेढीचें नांव २००० सालीं तैवानांत गेलें, तरी १९३० नंतरच्या दशकांत ती करीत असे त्या जातीचे ब्रेक अजून त्या नांवानें निघतात; तेव्हां अनिरुद्धाची जुनेपणाची हौसही फिटली. वाचकांपैकीं कोणी असा ब्रेक बसविणार असेल, तर एक ध्यानांत ठेवावें: त्याचा आडवा हात चिमट्याच्या पायाला आवळावयाचा असतो, आणि थांबतांना सारा ताण त्या एका पायावर येतो. जुन्या, डाग दिलेल्या चिमट्यावर तो बसविण्याचें धाडस करूं नये.

काढलेला चिमटा भिंतीवर टांगण्याचा अनिरुद्धाचा विचार होता. तोंपर्यंत वहिनींनीं तो भंगारवाल्याला देऊन टाकला होता. पंचेचाळीस रुपये आले. ते त्यांनीं घंटीसाठीं म्हणून अनिरुद्धाच्या हातावर ठेवले. घंटी पितळी आहे, पण आवाज किरटा.

पहिल्या रविवारीं थैल्यांतून सोळा पुस्तकें गेलीं. एका बाईंनीं मोठ्या अक्षरांचीं मागितलीं आहेत, तीं शोधावयाचीं आहेत. वहिनींनीं तें जुनें पातळ धुऊन वाळत घातलें आहे. पावसांत सायकलीवर घालावयास लागेल, असें त्या म्हणतात.